होज घरी बदलावेत का? आणि रंगवावेत का?

खाडीकाठचा : शहापूरच्या शेतावरचा आमचा जुना ट्रॅक्टर सध्या ऐरोलीच्या रो-हाऊससमोर उभा आहे. शेजारी नाकं मुरडतायत, ते सोडा. लोडरचे, म्हणजे पुढची बकेट उचलणाऱ्या हातांचे, चारही रबरी होज (दाबाखालचं ऑइल नेणाऱ्या नळ्या) तडकलेत, लोखंडी पाईप गंजलेत. माझं मत ठाम आहे : होज रबाळ्याला क्रिम्प करून (टोकांना फिटिंग दाबून बसवून) आणायचे, बाकी सगळं पान्याचं काम, घरी होतं. आणि शेवटी रबरासकट सगळं पिवळंधमक रंगवायचं. खाडीची हवा लोखंडाचं काय करते ते इथे कुणाला सांगायला नको.

अर्धा_इंची : लोखंड रंगवा हो, खुशाल. पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड, वर इनॅमल. तोंडांना बूच लावा, आट्यांवर रंग नको. पण रबर? अजिबात नाही. थिनर वरच्या कव्हरला खातं, आणि होजवर छापलेली ओळ जाते. साइज, दाब, बनवल्याची तारीख, सगळं तिथेच असतं. अर्ध्या इंची आर-टू (तारेच्या दुहेरी जाळीचा) होज 275 बार दाबावर चालणारा, फुटायचा दाब त्याच्या चौपट. पण हे नव्या होजचं, तडकलेल्याचं नाही. तडा दिसायला रबर उघडं हवं.

खाडीकाठचा : मागच्या खेपेला पेंटरने होजसकट फवारा मारला होता. तीन वर्षं काही झालं नाही!

वागळेचा_फिटर : दादा, काही झालं नाही की काही दिसलं नाही? माझ्याकडे असाच पिवळा होज आला होता. वाकतो त्या जागी रंगाची खपली नखाने काढली, तर खाली रबर फाटलेलं आणि तारेची जाळी तांबडी. वरून चकाचक.
आणि घरी काम करायलाच माझा विरोध आहे. बारीक भोकातून सुटलेली ऑइलची धार कातडीत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी, पण वेळेत ऑपरेशन झालं नाही तर बोट जातं. गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरायचा. इंजिन बंद केलं म्हणजे दाब गेला असं नसतं. हे घरी किती जण पाळतात?

अर्धा_इंची : हे मात्र पटत नाही. बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करून लिव्हर सगळीकडे हलवा, मगच नट सैल करा. एवढं करणाऱ्याने घरी का करू नये? वर्कशॉपात तरी कोण पाळतं? फक्त नळवाल्याकडचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाईप लावू नका, त्यातलं जस्त ऑइलमध्ये सुटतं आणि तो या दाबाचा नाहीच.

वागळेचा_फिटर : आमच्याकडे पाळतात. पुढच्यांचं माहीत नाही.

खाडीकाठचा : बरं, बकेट टेकवूनच करतो. पण घरीच करणार. होज काळेच राहू देत. पिवळ्याचा डबा फोडून बसलोय, पाईप रंगवून उरेल तो गेटला.