समूहगीताला ऑडिशन घेणाऱ्या सर-बाईंना

वडगावची अक्का
परवा इथं, आपल्या बेळगावकडच्या ग्रुपवर, पेटीमास्तरांनी लिहिलं, ‘ज्याला सा लागत नाही त्याला स्टेजवर उभं करणं हा त्याचाही छळ आणि ऐकणाऱ्यांचाही. शाळेनं समूहगीताला ऑडिशन घ्यावी आणि कडक घ्यावी.’ खाली अंगठ्यांची रांग लागली. तोंड आवरून बघितलं, जमलं नाही. लांबणार आहे, वेळ असला तर वाचा.

ऑडिशन होते कशी ते आपण सगळ्यांनी बघितलंय. पंधरा ऑगस्ट जवळ आला की व्हरांड्यात पोरांची रांग आणि समोर पेटी. एकेकानं एक ओळ म्हणायची. पट्टी, म्हणजे पेटीवर ‘सा’ धरायची जागा, काळी दोन, का तर सरांचा गळा काळी दोनचा. अंतरा वरच्या मध्यमाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘म’ला गेला की निम्म्या पोरांचा आवाज फाटतो. फाटला की ‘बस खाली, पुढचा’. तीच ओळ खालच्या काळी चारला उतरवून घेतली असती तर त्यातली कितीतरी पोरं गालातल्या गालात हसत गायली असती. मग परीक्षा पोरांच्या कानाची झाली की सरांच्या सोयीची?

आणि निवडतात कुणाला? ज्याच्या घरी पेटी आहे, जो क्लासला जातो, ज्याची प्रारंभिक-प्रवेशिका या गाण्याच्या परीक्षा झाल्या आहेत त्याला. शिकवलं क्लासवाल्या बाईंनी, फी भरली बापानं, ढाल लागली मुख्याध्यापकांच्या कपाटात. ज्याला काही येत नाही त्याला शिकवायचं म्हणून शाळा असते असा माझा आजवर समज होता. गुणाकार चुकला म्हणून गणिताच्या तासाला कुणी पोराला मैदानावर पाठवत नाही.

माझ्या थोरल्याला सहावीत असंच बसवलं. कार्यक्रमाच्या दिवशी बाईंनी त्याला पाहुण्यांच्या खुर्च्या लावायला घेतलं, वर ‘तुलाही काम मिळालं बघ’ म्हणाल्या. आता मोठा झालाय, चांगल्या नोकरीत आहे, त्याचं काही अडलं नाही. खरं गणपतीत आरतीला टाळ घेऊन उभा राहतो आणि तोंड उघडत नाही. बायकोनं विचारलं तर म्हणतो, मला गाणं नाही. हे त्याला कुणी सांगितलं? एका ओळीवरून एका बाईंनी.

एकट्यानं गायचं असेल, साथीला पेटी-तबला वाजवायचा असेल तर खुशाल निवडा. समूहाला कुणी वगळायचं नाही.

पेटीमास्तर (निवृत्त)
अक्का, लेकराचं वाईट वाटलं. खुर्च्या लावायला घेणं चूकच. आता माझं ऐका.

स्पर्धेत समूहगीताला पोरांची संख्या ठरलेली असते. वर्गात पन्नास पोरं. उरलेल्यांना घरी काय म्हणून सांगू, चिठ्ठ्या टाकल्या? एक पोरगं कणसूर, म्हणजे सुराला जरा कमी, गायलं तर चालून जातं, पण कणसूर गाणारं पोरगं सगळ्यात मोठ्यानं गातं, हा माझा अनुभव आहे. शेजारची दोघं-तिघं त्याच्या मागं जातात आणि कडव्याच्या शेवटी पेटी एकीकडं, पोरं एकीकडं. आठवी-नववीच्या मुलांचा आवाज फुटलेला असतो, त्यांना कुठल्याही पट्टीत घाला, काही महिने हाल ठरलेले. आणि ‘सगळ्यांना घ्या’ म्हणणारेच पालक कार्यक्रम संपल्यावर गेटवर म्हणतात, काय बाई बेसूर.

शिकवायचं म्हणता. कधी? वेळापत्रकात संगीताचा तास कागदावर असतो, त्यात विज्ञानाचा पोर्शन संपवतात. सरकारी मराठी शाळांत संगीताचा कायमचा शिक्षक मला दाखवा, मी त्याच्या पाया पडतो. आम्ही वर्गणीतून मानधनावर. कार्यक्रमाच्या तोंडावर बोलवायचं, आठवड्यात गाणं बसवून द्या म्हणायचं, आणि मग सगळ्यांना का घेतलं नाही म्हणून धरायचं.

चव्हाट गल्ली
मास्तर, सगळं बोलला, वरच्या मध्यमाचं तेवढं राहिलं की ओ.

पेटीमास्तर (निवृत्त)
राहिलं नाही. पट्टी उतरवता येते, मी उतरवतो. सगळे उतरवत नाहीत, एवढं तुमचं खरं.

सुळेभावी फाटा
ज्या तालुक्यात सुळेभावीत 1924 साली कुमार गंधर्व जन्मले तिथं आपण पोरांना व्हरांड्यात नापास करतोय. त्यांची कुणी ऑडिशन घेतली होती?

हिंडलग्याचे काका
काहीतरी काय. लहानपणी रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गाणारं पोर, अकराव्या वर्षी मुंबईला गाणं शिकायला देवधर मास्तरांच्या हाताखाली गेलं. असल्या पोराला निवडलं नाही तर ते पन्नासात हरवेल. तुमचं उदाहरण ऑडिशनच्या बाजूचं आहे, कळलं का?

सुळेभावी फाटा
असली पोरं व्हरांड्यात सापडत नाहीत, एवढंच म्हणायचं होतं. बाकी तुमचं चालू दे.

पहिलं गेट
उदाहरणं काढायचीच तर घराजवळचं काढा. 1924 च्या बेळगाव काँग्रेसला गांधीजी अध्यक्ष होते. तिथं स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल होत्या. आज त्या अधिवेशनाचं स्मारक, वीरसौध, आहे त्या भागात हे झालं, आमच्या घरापासून चालत जाण्याजोगं. आख्ख्या शाळेला उभं केलं नव्हतं, मुली निवडल्याच असतील. निवड झाली म्हणून त्या मुलीला तो मंच मिळाला.

वडगावची अक्का
अर्धंच सांगितलंत. गंगूबाईंनीच पुढं सांगून ठेवलंय की गाण्याची भीती नव्हती, जेवणानंतर आपल्याला उष्टी पानं उचलायला लावतील याची होती. जातीमुळे. गळा असूनही पोरीच्या मनात हे होतं. आमच्या वेळी पुढच्या रांगेत कुठल्या गल्लीतली पोरं असायची आणि मागं कुठल्या, ते आठवून बघा आणि मग मला निवड म्हणजे निव्वळ सुराची म्हणून सांगा.

पहिलं गेट
आता यात जात आणलीत. छान.

वडगावची अक्का
आणली नाही, होती. तुम्ही गंगूबाईंना आणलंत, मागोमाग तीही आली.

नोकरीला पुण्यात
अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांत 1970 च्या दशकापासून पडद्याआडून वाजवून घेतात, म्हणजे परीक्षकाला माणूस दिसत नाही, फक्त वाजवणं ऐकू येतं. तसं करा की. वशिला संपला, गल्लीही संपली.

चव्हाट गल्ली
व्हरांड्यात पडदा कसला बांधूलास? हेडमास्तरांचं धोतर?

वडगावची अक्का
पडद्याआडूनसुद्धा क्लासला गेलेलं पोरगं पहिल्या सुराला ओळखू येतं. दिसणं झाकलं, फी झाकली जात नाही.

येळ्ळूरकर
मूळ दुखणं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. नोव्हेंबर जवळ आला की आमच्या मराठी शाळेतली पोरं कर्नाटक राज्योत्सवाच्या कन्नड गाण्यांची तालीम महिनाभर करतात, आणि स्नेहसंमेलनातल्या मराठी समूहगीताला उरला तर आठवडा. प्रतिभा कारंजीत, म्हणजे सरकारी शालेय कलास्पर्धेत, आमच्या पोरांच्या उच्चारांच्या चुका काढतात. ऑडिशन राहूदे बाजूला, आधी आमची गाणी गायला वेळ द्या.

खानापूर लोकल
झालं, आला सीमाप्रश्न. माझी पोरगी मराठी शाळेतली, प्रतिभा कारंजीत कन्नड भावगीतात तालुक्यापर्यंत गेली. शेजारच्या कन्नड अक्कांनी ळ आणि ल बसवून घेतले, चहा घेतला, पैसे नाहीत. प्रत्येक गोष्टीत रडायचं नसतं.

येळ्ळूरकर
रडत नाही, वेळापत्रक सांगतोय. तुमच्या पोरीला मिळाल्या त्या अक्का सगळ्यांच्या शेजारी राहत नाहीत.

खानापूर लोकल
बरं. महिनाभर आणि आठवडा हे आमच्याकडंही तसंच आहे, ते नाकारत नाही. पण तुमच्याच मुद्द्यातून एक निघतं बघा. रोज परिपाठाला नाडगीत, कर्नाटकाचं राज्यगीत, सगळी शाळा म्हणते. त्याला कुणी ऑडिशन घेतं? पहिलीतल्या पोरापासून सगळी गातात आणि वर्षभरात बरी गातात. म्हणजे रोज गायलं की येतं. मास्तर, यावर बोला.

पेटीमास्तर (निवृत्त)
परिपाठाला ऐकायला कोण असतं? गाणारेच. तिथं माइक नाही, परीक्षक नाही, आमदार नाहीत. पण रोज गायलं की येतं हे मी कधी नाकारलं? मला रोज द्या की पोरं.

शिवजयंतीवाला
तुमच्या पेटीपेक्षा आमचं झांजपथक बरं. ये, झांज धर, मागच्या रांगेत उभा रहा, पुढच्याच्या पायाकडं बघ. चार सराव झाले की चुकणारा आपोआप जुळतो. वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथापुढं रात्रभर वाजवतो आम्ही, कुणाला हाकललं नाही.

चव्हाट गल्ली
झांजपथक राहिलंय कुठं ओ? सगळीकडं पुण्याचे ढोल. पांढरा कुर्ता, डोक्याला फेटा, कमरेला ढोल, समोर फोटोवाला.

शिवजयंतीवाला
पुण्याचे म्हणून काय झालं? पोरं वाजवताहेत, दारू पिऊन डॉल्बीपुढं नाचत नाहीत.

चव्हाट गल्ली
बेळगावात 1905 साली टिळकांच्या प्रेरणेनं सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासून इथं झांज, लेझीम, हलगी. आमचे आजोबा वाजवायचे. पाच-सहा पावली, मग उलटी चाल, मग बसून. बघणाऱ्याला नाच दिसायचा. आता शंभर जणांनी एकच ठेका ठोकायचा आणि वर त्याला परंपरा म्हणायचं.

नोकरीला पुण्यात
पुण्यातसुद्धा पथकात शिरायला आता फॉर्म, सराव शुल्क आणि वादन बघून निवड. माझ्या रूममेटला ढोलाऐवजी ध्वज दिला. म्हणजे तिथंही ऑडिशन आलीच.

शिवजयंतीवाला
ध्वज म्हणजे मान असतो.

वडगावची अक्का
खुर्च्या लावणं पण मानच होता म्हणे.

हिंडलग्याचे काका
ढोल काय, झांज काय, कपिलेश्वर तलावाकडं मिरवणूक निघाली की सगळं सारखंच. माझ्या खिडकीची काच डॉल्बीनं हलते आणि ढोलानंही हलते. सौ. हृदयाच्या पेशंट. सांगायला गेलो तर ‘काका, परंपरा’. आम्ही सैन्यात होतो, मराठा सेंटरचा बँड ऐकत दिवस काढले. त्याला शिस्त असते. सूर लागला नाही तर बँडमध्ये घेत नाहीत, आणि तेच बरोबर.

चव्हाट गल्ली
बँडवाल्याला पगार मिळतोय काका. शाळेत पोरं फी भरून येतात. पगार देणाऱ्यानं निवडावं, फी घेणाऱ्यानं शिकवावं.

हिंडलग्याचे काका
फार शहाणा आहेस. वयाचा मान ठेवायला शिक.

चव्हाट गल्ली
ठेवलाय की. म्हणून काका म्हणतोय.

शिवजयंतीवाला
आणि झांजपथक बंद पडलं ते पुण्यामुळे नाही, तुमच्यासारखे आजोबांच्या गोष्टी सांगत घरी बसले म्हणून. गेल्या वर्षी सरावाला किती आलात?

चव्हाट गल्ली
गुडघा दुखूलाय. तो विषय काढू नको.

खानापूर लोकल
लोकहो, समूहगीत. पोरं. ऑडिशन.

पेटीमास्तर (निवृत्त)
येतो मूळ विषयावर, नाहीतर अक्का सोडायच्या नाहीत. स्पर्धेला निवड राहणार, त्यावर मी हलणार नाही. स्नेहसंमेलन, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारीला सगळ्यांना घेऊ. ध्रुवपद सगळी पोरं म्हणतील, कडवी माइकपाशी उभी असलेली म्हणतील. पट्टी पोरांच्या गळ्यानं लावू, माझ्या नाही. माझा गळा तसाही आता काळी एकवर आलाय. अट एकच. पन्नास पोरांना तालमीत गप्प बसवायला सगळ्यांना घ्या म्हणणाऱ्यांपैकी कुणीतरी यायचं. मी पेटी वाजवीन की पोरांचे कान धरीन?

वडगावची अक्का
कान धरू नका, तेच कान लागणार आहेत. मी येते. आणि कडवी कुणी म्हणायची ते दरवेळी बदला, नाहीतर माइक म्हणजे परत पुढची रांग.

पेटीमास्तर (निवृत्त)
बदलू. चार आण्याची मागणी आली की मागोमाग आठ आण्याची येते, हे नोकरीत शिकलोय.

येळ्ळूरकर
आणि मराठी गाण्याला महिना?

पेटीमास्तर (निवृत्त)
ते बीईओंना, तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना विचारा. मी मानधनावर.

चव्हाट गल्ली
ढोलाची पानंसुद्धा आता फायबरची झाल्यात, त्यावर कुणी बोलणार हाय का नाही?