ऑनलाइन डी अँड डी: माझा पाऊस कोणाला ऐकूच जात नाही

निशाचर_९:

नमस्कार मंडळी. आम्ही सहा जण दर शनिवारी ऑनलाइन डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, बोलून आणि फासे टाकून रंगवायचा गोष्टीचा खेळ) खेळतो. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. खेळाडूंपैकी दोघे पुण्यात, एक नागपूरला, एक रत्नागिरीला आणि एकटा स्टुटगार्टला. त्याच्यासाठी रात्री साडेनऊला बसतो, तेव्हा त्याच्याकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. बोलणं व्हिडिओ कॉलवर, नकाशा मी स्क्रीन शेअर करून दाखवतो.

कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी गोष्ट, घरचंच आहे, घाटातलं. गेल्या शनिवारी पार्टी, म्हणजे खेळाडूंची पात्रं, एका पडक्या वाड्यापाशी पोचणार होती. बाहेर मुसळधार पाऊस, आत अंधारात कोणीतरी जात्यावर दळतंय. आठवडाभर आवाज जमवत होतो. पाऊस नेटवर मिळाला, जात्यासाठी मात्र मुद्दाम आजीकडे गेलो. माळ्यावरचं जातं उतरवलं, खुंटा ठोकून घट्ट केला आणि आजीने पाच मिनिटं ज्वारी दळून दिली. वर "हे कशाला रे मेल्या टेप करतोस" हेही रेकॉर्डिंगमध्ये आलंय, ते नंतर कापलं.

सेशनमध्ये लॅपटॉपच्या स्पीकरवर पाऊस लावला. तीन-चार सेकंद सगळ्यांना ऐकू आला, मग गायब. मी बोलायला तोंड उघडलं की माझ्या वाक्यामागे भसकन यायचा, मी थांबलो की बंद. मी आवाज खाली आणून वाड्याचं वर्णन करतोय आणि नागपूरकर विचारतो, "भजी तळतोयस का?" संपलं. पुढचा अर्धा तास सगळे भजीवरच. जातं तर कोणाला ऐकूच गेलं नाही. आजीला काय सांगू?

तर प्रश्न असा: आवाज नीट पोचवायचा कसा? जास्त पैसे घालायची तयारी नाही, आणि रत्नागिरीवाला मोबाइल डेटावर असतो.

वीस_पडले:

माइकसमोर स्पीकर ठेवून संगीत पाठवणं म्हणजे फोनवरून जेवण वाढणं. माइक फक्त बोलायला ठेव. आवाजाला वेगळा रस्ता कर.

(भजीवर फुटलो.)

चकली_विथ_चहा:

डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर या, एखादा म्युझिक बॉट (आपोआप गाणी वाजवणारा प्रोग्राम) लावा, यूट्यूबची लिंक टाका, झालं काम. आम्ही लॉकडाउनमध्ये असंच करायचो.

वीस_पडले:

@चकली, ते दिवस गेले. ग्रूव्ही हा बॉट २०२१ च्या ऑगस्टअखेर बंद झाला आणि रिदम हा दुसरा त्याच सप्टेंबरमध्ये. दोघांनाही गूगलकडून कायदेशीर नोटीस आली होती. नवे बॉट येत-जात असतात, पण ऐन सेशनच्या रात्री ते मान टाकतात.

गोरखचिंच:

निशाचर, आधी तुझं जातं कुठे गेलं ते सांगतो. बोलण्यासाठी बनवलेलं कुठलंही ॲप माणसाचा आवाज शोधतं आणि बाकीचं गाळून टाकतं. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे त्याच्या लेखी पंखा. तुझा पाऊस पंखा, आजीचं जातं मिक्सर. तू बोललास की फाटक उघडतं आणि तुझ्या शब्दांबरोबर थोडा पाऊस आत घुसतो. हीच ती भजी. ॲपचा दोष नाही, ते त्याचं काम चोख करतंय. नॉइज सप्रेशन, म्हणजे ही गाळणी, बंद करून बघशील, तर तुझा खरा पंखा आणि शेजारचा कुकर वाड्यात येतील. त्या वाटेला जाऊ नकोस.

मी २०२० पासून ऑनलाइन टेबल चालवतोय. वापरून झालेले दोन मार्ग सांगतो.

फुकटातला मार्ग: बोलणं डिस्कॉर्डवर हलव आणि तुझ्या कॉम्प्युटरवर केंकू एफएम हे आवाज वाजवायचं सॉफ्टवेअर टाक. आउलबेअर रोडिओ हा ऑनलाइन नकाशा ज्यांनी बनवला, त्यांचंच आहे. आत एक ब्राउझर असतो आणि स्वतःच्या फाइलींच्या प्लेलिस्टही लावता येतात. तिथे जे वाजेल ते एका बॉटमार्फत व्हॉइस चॅनेलमध्ये, म्हणजे डिस्कॉर्डवरच्या बोलायच्या खोलीत, जातं. माइकचा संबंधच नाही, त्यामुळे गाळणीही नाही. बॉट तुझा तूच बनवायचा: डिस्कॉर्डच्या डेव्हलपर पोर्टलवर नवीन ॲप्लिकेशन काढ, त्यात बॉट तयार कर, टोकन नावाची लांबलचक अक्षरमाळ मिळेल ती केंकूत चिकटव आणि बॉटला आपल्या सर्व्हरवर बोलाव. पहिल्या वेळी पंधरा मिनिटं जातील. ते टोकन म्हणजे पासवर्ड समज. मदत मागताना त्याचा स्क्रीनशॉट इथे टाकू नकोस, आधी एकाने टाकून झालाय.

यातला खरा फायदा असा की बॉट हा चॅनेलमधला आणखी एक माणूस असतो. प्रत्येक खेळाडू त्याच्या नावावर राइट क्लिक करून आपल्यापुरता त्याचा आवाज कमी-जास्त करू शकतो. डीएमच्या हातून असलं-नसलं सगळं काढून घ्यावं, पण खेळाडूच्या हातची ही पट्टी काढू नये.

रत्नागिरीकराला सांग घाबरू नकोस. व्हॉइस चॅनेल मुळात ६४ केबीपीएसवर असतं. त्या हिशोबाने बॉटचा आवाज तासाला २९ एमबीच्या आसपास, चार तासांचं सेशन ११५ एमबी. तुझी स्क्रीन शेअर त्याला यापेक्षा कितीतरी महाग पडतेय.

दुसरा मार्ग फाउंड्री, म्हणजे नकाशावर खेळायचं ऑनलाइन टेबल. लायसन्स विकत घ्यावं लागतं, पण एकदाच आणि फक्त डीएमला. इथे आवाज कॉलमधून जातच नाही, प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये वाजतो. नकाशावर आवाज ठेवता येतो, त्याची त्रिज्या ठरवता येते आणि भिंती तो अडवतात. म्हणजे जातं माजघरात ठेवलंस तर ज्याची सोंगटी ओसरीवर आहे त्याला काही नाही, आणि जो बोळात शिरला त्याला एकट्यालाच घरघर. तो म्हणतो, "ऐकलंत का?" बाकीचे म्हणतात, "काय?" हे मी एकदा केलंय. त्यासाठी लायसन्सचे पैसे गेले तर जाऊ देत.

खाचाखोचा दोन. एक, नव्याने पान उघडल्यावर क्लिक केल्याशिवाय ब्राउझर आवाज सोडत नाही. "मला काही ऐकू येत नाही" म्हणणाऱ्याला आधी पानावर कुठेही क्लिक करायला सांगायचं. दोन, फाउंड्री तुझ्याच कॉम्प्युटरवर चालत असेल तर फाइलही तिथूनच प्रत्येकाकडे जाते. दहा मिनिटांची १२८ केबीपीएसची फाइल ९.६ एमबी, पाच खेळाडू म्हणजे ४८. अपलोड १० एमबीपीएस असेल तर चाळीसेक सेकंद तिथेच गेले. म्हणून आधीच प्रीलोड करून ठेवायचं, राक्षस आल्यावर नाही.

आता जात्याबद्दल, कारण त्यावर माझा जीव जडलाय. फाइल एमपी३ ठेवू नकोस, ओजीजी कर. एमपी३ बनताना पुढे-मागे थोडी शांतता चिकटते आणि लूप फिरला, म्हणजे फाइल संपून पुन्हा सुरू झाली, की तिथे उचकी लागते. दुसरं, पाच मिनिटांच्या रेकॉर्डिंगचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला जुळणार नाही. ऑडॅसिटीत (आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर) फाइल बरोबर मधोमध काप आणि दोन्ही तुकड्यांची अदलाबदल कर. आता जी टोकं बाहेर आली ती मुळात एकमेकांना लागूनच होती, ती आपोआप जुळतात. जुनी टोकं मध्ये आली, तिथे दोन-तीन सेकंदांचा क्रॉसफेड दे, म्हणजे एक विरत जातो तसा दुसरा चढत येतो. आजी अखंड दळत राहील. आणि खुंटा एखाद्या वेळी खट्टकन वाजला असेल तर तेवढं कापून वेगळं ठेव. लूपमध्ये तीच खट्ट तिसऱ्यांदा आली की खेळाडू मोजायला लागतात.

जंगलाचे आवाज घेतानाही जरा कान ठेव. मी एकदा घाटातल्या रात्रीसाठी नेटवरचं "रात्रीचं जंगल" लावलं आणि त्यात लांडगे. आमच्या टेबलावर एक पक्षीवेडा आहे, तो म्हणाला, "हे युरोपात कधी पोचलो आपण? रातवा कुठाय?" मग मेच्या सुट्टीत मुळशीला जाऊन रातव्याचा चुकचुक आणि रातकिडे फोनवरच रेकॉर्ड करून आणले. ती फाइल अजून वापरतो.

हेडफोनवाली:

मी डीएम नाही, खेळाडू आहे. डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं, म्हणून जरा वेगळी तक्रार. पाऊस, धबधबा, गर्दी, असल्या आवाजांखाली नेमके स, श, फ बुडतात. आमचा डीएम म्हणाला, "भिंतीला शिडी टेकवलेली आहे." मला ऐकू आलं विडी. मी तब्बल वीस मिनिटं त्या विडीवर तपास केला, कोणी ओढली असेल म्हणून वास घेतला, परसेप्शनचा (पात्राला काय जाणवतं ते ठरवणारा) फासाही टाकला. डीएमला वाटलं मी भूमिकेत शिरलेय.

आता तो पावसाच्या फाइलीला लो-पास लावतो, साधारण ३००० हर्ट्झच्या वरचं दाबून टाकतो. पाऊस कौलांवर पडतोय आणि आपण आत आहोत असा होतो, उलट छानच वाटतो. बोलणं त्याच्या वरून स्वच्छ येतं. शिवाय नावं आणि आकडे तो चॅटमध्ये लिहितो. आणि कृपा करून लढाईत गाण्याचे शब्द असलेलं काही लावू नका. दोन माणसं बोलत असताना तिसरा गातोय हे मला झेपत नाही.

चकली_विथ_चहा:

हे सेशन यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचं असेल तर?

गोरखचिंच:

मग सिनेमाचं संगीत विसर. संगीतकार केविन मॅक्लाउडची इन्कॉम्पेटेक ही साइट आहे, तिथलं संगीत त्याचं नाव दिलं की त्याच्या क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्समध्ये चालतं. सुटे आवाज फ्रीसाउंडवर बघ, बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ मध्ये सुरू केलेला साठा. तिथे प्रत्येक फाइलचं लायसन्स वेगळं असतं, वाचून घे. नुसतं घरी खेळायला टेबलटॉप ऑडिओ उत्तम: दहा-दहा मिनिटांचे तुकडे, फुकट.

@हेडफोनवाली, लो-पासचं आजच करतो. विडीला मानाचा मुजरा.

निशाचर_९:

दोन शनिवार झाले, वृत्तांत देतो. डिस्कॉर्ड आणि केंकू केलं. बॉटला बोलावायच्या पायरीवर अडकलो होतो, चॅनेलमध्ये बोलायची परवानगीच बॉटला दिली नव्हती. पाऊस ३००० च्या खाली आणला. तुकडे अदलाबदल करायची युक्ती जबरदस्त आहे, जोड मला स्वतःलाही सापडत नाही.

पहिल्या तासात फक्त पाऊस, तोही अगदी बारीक. नागपूरकराने भजी वगैरे काही काढलं नाही. मग ते ओसरी ओलांडून आत आले तेव्हा पाऊस कमी केला आणि जातं सुरू केलं. मी काही वर्णन केलं नाही. दोन मिनिटं ते आपसात दिवा कोणी धरायचा यावर भांडत होते, मग रत्नागिरीकर म्हणाला, "थांबा. दळतंय कोणीतरी." सगळे गप्प. पुण्याच्या एकीने विचारलं, "आत्ता? रात्रीचं?"

पार्टी दारापाशी आली आणि स्टुटगार्टवाला म्हणाला, "मी कडीला हात लावतो." मी जातं थांबवलं.

कोणी काही बोलेना. नेट गेलं की काय म्हणून मीच स्क्रीनकडे बघितलं. मग स्टुटगार्टवाला हळूच म्हणाला, "हात काढला. काढला हात." अजून कोणी ते दार उघडलेलं नाहीये, सेशन तिथेच संपलं. आजीला ऐकवलं तर म्हणाली, ज्वारी जाड पडली होती.

पुढच्या शनिवारी ते रेल्वेच्या जुन्या बोगद्यात शिरणार आहेत. घाटातल्या बोगद्यातून गाडी जातानाचं रेकॉर्डिंग कोणाकडे आहे का? शक्यतो इंजिनाची शिट्टी नको.

वीस_पडले:

आहे. कसारा घाट, दारात उभं राहून केलंय. चहावाला ओरडतो मध्ये, तो कापून घे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.