मदत हवी आहे: वय वंदना कार्डावर अँजिओप्लास्टी कुठे होते?

नमस्कार मंडळी. माझे वडील ७३ वर्षांचे, राहायला कराडजवळ. डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी सांगितली आहे. आयुष्मान भारतमध्ये ७० वर्षांवरील सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत आहेत, म्हणून आधारवरून त्यांचं वय वंदना कार्ड काढलं. पण इथल्या एका खासगी रुग्णालयात 'आधी पैसे भरा, कार्डाचं नंतर बघू' म्हणतात आणि आरोग्यमित्राच्या (योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या माणसाच्या) टेबलावर कुणीच नसतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या रुग्णालयांच्या याद्यांवर माझा अजिबात भरवसा नाही. योजनेच्या १४५५५ या हेल्पलाइनवर फोन लावतोय. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात या कार्डावर अलीकडे कुणाची अँजिओप्लास्टी झाली आहे का? स्टेंटचे वेगळे पैसे मागितले का? मंजुरीला किती दिवस लागले? कृपया स्वतः अनुभवलेलंच सांगा, खूप काळजी लागली आहे.