देव मानत नाही तर वाईट वागण्यापासून तुला कोण अडवतं? आप्पांना काय उत्तर देऊ?

तापीकाठचा (चोपडा तालुका, सध्या जळगाव)

नमस्कार मंडळी. विषय घरचाच आहे पण इथे मांडतो, गावात मांडला की लगेच दोन पार्ट्या पडतात. मी देव मानत नाही, कॉलेजपासूनच. कुणाला सांगत फिरत नाही, पूजेला बसत नाही एवढंच, बाकी घरच्या सगळ्या कामात असतो. परवा श्रावणात कानबाईला (आमच्या खान्देशातला देवीचा सण) गावी गेलो होतो. दळण आणलं, चौरंग मांडायला मदत केली, जागरणाला रात्रभर चहा पुरवला, फक्त आरतीच्या वेळी हात जोडले नाही. सोमवारी नदीवर विसर्जन करून आलो अन आप्पांनी (माझे मोठे काका) ओट्यावर बसवून घेतलं. चिडले नव्हते. म्हणे, "देव नही ते मंग तुले कोन अडावस?" म्हणजे उद्या भावाचा बांध कोरायची वेळ आली, कुणाचे पैसे दाबायची वेळ आली अन कुणीच बघत नाही, तर तू काबरं नाही करणार? मी म्हटलं, मला पटत नाही म्हणून नाही करणार. तर म्हणे पटणं आज एक उद्या एक, देवाचा धाक बदलत नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त अवघड वाटला. म्हणे तू सगळं ब्रह्मांड फिरून आला का? नाही ना, मग देव नाही हे कशावरून सांगतो, तुझी पण श्रद्धाच झाली, उलटी.

आप्पा म्हणजे कसे सांगतो. टंचाईच्या वर्षी त्यांच्या विहिरीवर सगळी गल्ली पाणी भरायची, स्वतःच्या कपाशीचं एक पाणी चुकवलं पण कुणाला परत पाठवलं नाही. त्यामुळे त्यांना हरवायचं वगैरे अजिबात नाही, त्यांना खरं उत्तर द्यायचंय. कुणी विचार केला असेल तर सांगा. व्हिडिओच्या लिंका नको प्लीज, आप्पा व्हिडिओ बघत नाहीत अन मला पण स्वतःच्या तोंडाने सांगता आलं पाहिजे.

केळीवाला (यावल)

दादा तुझा दुसरा प्रश्न घेतो, पहिला कुणीतरी घेईलच. नाही म्हणायला ब्रह्मांड फिरावं लागत नाही. आप्पांकडे उद्या एखादा आला अन म्हणाला तुमच्या वावरात गुप्तधन आहे, काढून देतो, एवढे एवढे पैसे ठेवा, तर आप्पा त्याला हाकलतील ना? का आधी सगळं वावर खणून बघतील अन मगच नाही म्हणतील? जो आहे म्हणतो त्याने दाखवायचं. मी स्वतः असं म्हणत नाही की देव नाही हे मी सिद्ध केलंय. मी म्हणतो आहे मानायला जेवढा पुरावा लागतो तेवढा मला कुठे दिसला नाही, म्हणून मी मानत नाही, अन दिसला तर मानीन. याला उलटी श्रद्धा कसं म्हणणार, श्रद्धेत तर मागे फिरायचा रस्ताच ठेवलेला नसतो.

आता आमच्या भागातलं सांगतो. केळीवर सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) नावाचा रोग येतो, हरण्या म्हणतात त्याला, पानावर पिवळे पट्टे पडतात, मग पोंगा (मधलं गुंडाळलेलं कोवळं पान) सडतो, लहान बाग असली तर बघता बघता हातची जाते. आमच्याकडे आला तेव्हा कुणी म्हणे नजर लागली, कुणी बांधावर नारळ फोडला, एकाने उतारा केला. कृषी विद्यापीठाची माणसं आली, त्यांनी सांगितलं की हा व्हायरस आहे, मावा कीड एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, काकडीवर्गातली पिकं अन बांधावरचं तण यांच्यावर तो टिकून राहतो, अन व्हायरसवर औषध नाही, रोगट झाड उपटून लांब नेऊन गाडा किंवा जाळा, माव्यावर फवारा, बांध साफ ठेवा. मला त्यातलं सगळ्यात जास्त काय भावलं तर "औषध नाही" हे त्यांनी तोंडावर सांगितलं. उतारावाल्याने कधी सांगितलंय का की याला माझ्याकडे उपाय नाही? आणि दुसरं, त्यांचं म्हणणं खरं का खोटं ते मला माझ्या वावरात तपासता येतं. पान उलटं करून मावा बघता येतो. शेजाऱ्याचा धर्म कोणताही असो, त्याला पण तोच मावा दिसतो. ज्ञान म्हणजे माझ्या लेखी हे, जे कुणालाही तपासायला उघडं आहे अन जे चुकू शकतं हे आधीच कबूल करतं.

आप्पा यावर म्हणतील की तू पण शास्त्रज्ञाच्या शब्दावरच विश्वास ठेवतो, तू कुठे मायक्रोस्कोप लावला. बरोबर आहे त्यांचं. पण तो शब्द खोटा ठरवायची सोय आहे, उलट जो खोटा ठरवेल त्याचं नाव होतं. देवऋषीचा शब्द खोटा निघाला तर तुझीच भक्ती कमी पडली असं होतं. फरक एवढाच आहे पण तो फार मोठा आहे.

जिभाऊ (धुळे)

कशाला डोक्याला ताप. आईबाप, काका आहेत तोवर हात जोडायचे, काय झिजतं? मनात काय ते मनात ठेव. म्हातारपणी त्यांना त्रास देऊन काय मिळणार भो.

सातपुड्याच्या पायथ्याशी (नंदुरबार)

मी धडगाव अक्कलकुवा बाजूला आरोग्याच्या कामात होते. वर केळीवाले दादांनी ज्ञानाचं सांगितलं अन नीतीचं दुसऱ्या कुणावर सोडलं, पण मला वाटतं हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच.

आमच्या भागात सिकलसेल आहे, आईबापांकडून मुलात येणारा रक्ताचा आजार. लहान मुलांचे हातपाय सुजतात, सांधे इतके दुखतात की लेकरू रात्रभर किंचाळतं, रक्त कमी होतं, वारंवार ताप. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात ४ पैकी १ शक्यता असते की मूल आजारी निघेल, अन वाहक माणूस स्वतः ठणठणीत दिसतो त्यामुळे घरात कुणाला संशयच येत नाही. आता विचार करा, एकाच घरात पहिलं मूल चांगलं, दुसरं दुखण्याने तळमळतंय, तिसरं पण तसंच. कारण दिसत नाही. मग भगताकडे जातात अन तो नाव घेतो, अमकी बाई डाकीण आहे. बहुतेक वेळा विधवा, एकटी, नाहीतर जिच्या नावावर तुकडाभर जमीन आहे अशी. त्या बाईला मारहाण होते, गावाबाहेर काढतात, जीव गेल्याच्या पण केसेस आहेत.

आणि मारणारी माणसं वाईट होती का? मी त्यांच्या घरात बसलेय, त्यांच्या हातची भाकर खाल्लीय. लेकरावर जीव टाकणारी माणसं. नीती त्यांच्याकडे होती, धाक पण होता देवाचा, भरपूर होता. चुकीचं होतं ते त्यांचं ज्ञान. एक साधी रक्ताची तपासणी वेळेवर झाली असती तर त्या बाईचं घर वाचलं असतं. म्हणून मला जेव्हा कुणी म्हणतं की कुणी काय मानावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, तेव्हा मला गप्प बसवत नाही. तू जे खरं मानतोस त्यावरून तुझा हात कुणावर उठेल ते ठरतं, त्यामुळे मानण्याआधी तपासणं ही पण नीतीच आहे, पहिली नीती आहे ती.

आज यावर कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी कित्येक वर्षं खपवली, २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला त्यानंतर वटहुकूम निघाला अन त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. चेटूक करते म्हणून कुणाला छळणं हा त्यात गुन्हा आहे. हे पण सांगते की तो कायदा गावात समजावून सांगताना माझ्यासोबत असायच्या त्या आशाताई देव मानणाऱ्या होत्या अन माझ्यापेक्षा जास्त धाडसी होत्या. अन देव न मानणारे पण घरात बायकोला तुसडेपणाने वागवताना पाहिलेत. नास्तिक झालं म्हणजे माणूस चांगला झाला असं कुणी समजू नये.

वहिनी (भुसावळ)

मी श्रद्धाळू आहे, चैत्रात वणीला पायी जाते, आधीच सांगते. पण आप्पांचं ते धाकाचं मला पण नाही पटलं. मी चोरी करत नाही ती देव बघतोय म्हणून, असं कुणी म्हणालं तर मला तो माझा अपमान वाटेल. मी काय फक्त मार चुकवायला चांगली वागते का?

आमच्याकडचं सांगते. कानबाईच्या रोटाला घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात हे तुम्हाला माहितीच आहे. मला दोन मुली. लग्न झाल्यापासून बघतेय, नवऱ्याची मूठ, दिराची, पुतण्यांची, कालच्या जन्मलेल्या मुलाची सुद्धा, पण माझ्या मुलींची नाही. यंदा सासूबाई गहू मोजत बसल्या होत्या, सगळ्यांची नावं घेऊन झाली अन त्यांनी काही न बोलता थोरलीचं नाव घेऊन मूठ टाकली, मग धाकटीचं. भाऊकीतल्या एक काकू म्हणाल्या असं नसतं. सासूबाई म्हणाल्या, माझ्या घरच्या आहेत त्या. एवढंच बोलल्या अन सूप पुढे ओढलं. सासूबाई एकही उपास न सोडणाऱ्या आहेत. कोणत्या पोथीत वाचून त्यांनी हे केलं नाही, उलट रीत मोडली. मग चांगलं काय ते त्यांना कुठून कळलं? आईच्या काळजातून कळलं असं मी म्हणेन, देवानेच ते काळीज दिलं असं पण म्हणेन, तुम्ही दुसरं काही म्हणाल.

पण तुम्हा लोकांना माझा एक प्रश्न आहे. माझे वडील गेले तेव्हा दहाव्यापर्यंत घरात रोज माणूस होता, भजनी मंडळ यायचं, आईला एक रात्र एकटं झोपू दिलं नाही. हे सगळं धर्माने लावून दिलंय. तुमच्यातलं कुणी गेलं तर तुमच्याकडे कोण येणार?

निवृत्त मास्तर (अमळनेर)

वहिनींनी सासूबाईंचं जे सांगितलं त्यावर दोन तास लेक्चर देता येईल. ग्रीसमध्ये सॉक्रेटिसच्या तोंडी हाच प्रश्न येतो, सुमारे २४०० वर्षांपूर्वीचा. एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून चांगली, की ती चांगली आहे म्हणून देवांना आवडते? पहिलं धरलं तर देवाला उद्या भलतंच आवडलं तर तेही चांगलं म्हणावं लागेल. दुसरं धरलं तर चांगुलपणा देवाच्या आधीच उभा आहे, मग तो आस्तिकालाही खुला अन नास्तिकालाही. आप्पांना हे नावं न घेता विचार, ते नक्की विचारात पडतील.

अन हे परदेशातून आलेलं खूळ आहे असं कुणी म्हणालं तर तेही बरोबर नाही. आमच्या अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, मुळात वेदान्ताच्या अभ्यासासाठी. त्या शेठजींच्या गावात वाढल्यामुळे मला लहानपणीच कळलं की आपल्या परंपरेत या विषयावर भांडण किती जुनं आहे. सांख्य हे आपलं एक जुनं दर्शन, त्याच्या जुन्या मांडणीत जग चालवणारा ईश्वर नाही. पूर्वमीमांसेवाले तर वेद मानणारे, यज्ञ सांगणारे, तरी जग निर्माण करणारा ईश्वर त्यांनी नाकारला. जैन बौद्धांचा तसा कर्ता नाहीच, अन त्यांनी अहिंसेची केवढी मोठी नीती उभी केली! धाक नाही म्हणून नीती नाही हे आपल्याच मातीत खोटं ठरलंय. चार्वाकांचं (देव अन परलोक न मानणारे जुने विचारवंत) मात्र जपून वापर. डोळ्याला दिसतं तेवढंच खरं असं म्हटलं की धूर बघून विस्तव ओळखणंही हातातून जातं. शिवाय त्यांचं बहुतेक सगळं आपल्याला त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून कळतं, तेव्हा ते खरंच इतकं बोलले का हेही पक्कं नाही.

महाराष्ट्रात आगरकर बघ. १८८८ ला सुधारक हे वृत्तपत्र काढलं, अज्ञेयवादी माणूस (देव आहे का नाही ते कळू शकत नाही असं मानणारा), पुण्यात लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. दमा होता, पैसा नव्हता, संस्थानातली मोठ्या पगाराची नोकरी नाकारून शिकवत राहिले, चाळिशी गाठायच्या आत १८९५ ला गेले. परलोकात काही मिळेल ही आशा नसताना माणूस असा वागतो, हे आप्पांच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही का?

तापीकाठचा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. नंदुरबारच्या ताईंचं वाचून बराच वेळ काही सुचलंच नाही.

जिभाऊ, तुमच्याशी मात्र सहमत नाही. आप्पांचा प्रश्न हाच आहे की कुणी बघत नसताना मी खरा वागेन का. माझ्या मनात काय आहे ते कुणालाच दिसत नाही, अन तिथेच मी खोटे हात जोडले तर आप्पांची शंका खरी ठरली की. म्हणून नाही जोडणार. पण चौरंग मात्र दरवर्षी मांडीन.

वहिनी, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जळगावात शेजारी एक आजोबा वारले तेव्हा आम्ही काही जणांनी मिळून त्यांच्या घरी रात्रीची पाळी लावली होती, कुणी जेवण, कुणी दवाखान्याचे कागद, त्यात देव मानणारे न मानणारे सगळे होते. माणसाला माणूस लागतो हे मला मान्य आहे, त्याला धर्मच लागतो हे नाही. पण आम्ही न मानणारे लोक ही सवय लावून घेण्यात कमी पडतो, हे तुमचं बरोबर आहे.

पोळ्याला गावी जातोय. मास्तरांचा प्रश्न आप्पांना त्यांच्या भाषेत विचारणार आहे, अन सासूबाईंच्या मुठीचं पण सांगणार आहे, वहिनी तुमची हरकत नसेल तर.

वहिनी (भुसावळ)

सांग की. नाव नको सांगू फक्त, आमच्या भाऊकीतले लोक तुमच्या तालुक्यात बरेच आहेत.