विषय: अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे आणि आईबाबांचं इंग्रजी

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या जनगणना ब्यूरोच्या 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' या पाहणीचा फॉर्म आपल्यापैकी काही जणांकडे आला आहे. दरवर्षी साधारण 35 लाख पत्त्यांवर तो जातो. त्यातल्या भाषेच्या प्रश्नाबद्दल कळकळीने लिहिते आहे.

पाच वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाबद्दल तिथे विचारतात: घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का, कोणती, आणि इंग्रजी कितपत बोलता येतं. उत्तरं चार: फार चांगलं, चांगलं, फारसं नाही, अजिबात नाही. आपण सरसकट सगळ्यांपुढे 'फार चांगलं' लिहून मोकळे होतो. आईबद्दल 'फारसं नाही' लिहायला हात धजत नाही, तिचा पाणउतारा केल्यासारखं वाटतं. पण 'फार चांगलं' सोडून बाकी तिन्ही उत्तरं 'मर्यादित इंग्रजी'त मोजतात, आणि दुभाषी कुठे लागतील हे ठरवताना हेच आकडे बघतात.

माझ्या सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. इंग्रजी पेपर रोज वाचतात. दवाखान्यात नर्सने भराभर गोळ्या सांगितल्या, तेव्हा प्रत्येक वाक्याला 'येस, येस' म्हणाल्या. अडलं ते उलट विचारता आलं नाही. गाडीत बसल्यावर मला म्हणाल्या, "अगं, जेवणाआधीची कुठली?" त्यांच्यापुढे मी 'फारसं नाही' लिहिलं.

भाषेच्या ओळीत 'इंडियन' नको, 'मराठी'च लिहा. सर्व्हेच्या 2016पासूनच्या भाषांच्या सविस्तर तक्त्यात गुजराती, पंजाबी, बंगाली, तेलुगू, तमिळ यांना स्वतंत्र ओळ आहे. आपण अजून 'नेपाळी, मराठी व इतर' या एकत्र ओळीत आहोत. मला हे फार लागतं.

– ज्येष्ठ नागरिक गटाकडून

---

ताई, आईबाबा व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आलेत. त्यांना धरायचं का? उगाच सरकारदरबारी नाव कशाला, असं बाबांचं म्हणणं. आणि लेकीला मराठी सगळं कळतं, पण बोलते इंग्रजीतच. तिचं काय लिहू?

---

दादा, आईबाबांना धरायचंच. मुक्काम दोन महिन्यांहून जास्त असेल तर माणूस त्या घरचाच मोजतात. नागरिक आहे का हे विचारतात, व्हिसा कोणता हे नाही. शिवाय एकेकाची उत्तरं दुसऱ्या खात्याला द्यायची जनगणना ब्यूरोला कायद्याने मुभा नाही. बाबांना हे नीट समजावून सांगा.

लेक घरी अधूनमधून का होईना मराठीत बोलत असेल तर 'हो'. चार ठरावीक शब्दांपुरतंच असेल, किंवा फक्त रविवारच्या मराठी शाळेत, तर 'नाही'. 'नाही' लिहिलंत की तिच्या इंग्रजीचा प्रश्न पुढे येतच नाही. अभिमानापोटी खोटं 'हो' लिहू नका, एवढी विनंती.

आईबाबांना डॉक्टरकडे न्यायचं असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषी मागा. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना तो फुकट द्यावा लागतो, बहुतेकदा फोनवर मिळतो. लेकीला मध्ये उभं करू नका. आजीच्या तपासणीतलं सगळंच काही तिने ऐकण्यासारखं नसतं.