तीन किलोवॅटच्या सौरसंचासाठी टाटा, अदानी की वारी?

सोलापूरकर:
जुळे सोलापूर भागात आमचे एकमजली घर आहे. महिन्याला साधारण 325 युनिट वीज लागते आणि एप्रिल-मेमध्ये हा आकडा 450 पर्यंत जातो. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून तीन किलोवॅटचा संच बसवायचे घरात ठरले असून त्यासाठी तीन दरपत्रके हाती आली आहेत. पहिल्यात टाटांची आणि दुसऱ्यात अदानींची 540 वॅटची मोनो पर्क पॅनेल आहेत, तर तिसऱ्यात वारीची 575 वॅटची टॉपकॉन या नव्या तंत्रज्ञानाची पॅनेल आहेत. तिन्हींत पॅनेलची संख्या सहाच आहे, मात्र तिसरे दरपत्रक पहिल्यापेक्षा सुमारे 22 हजारांनी महाग आहे. आमच्याकडच्या उन्हाळ्याचा विचार करता टॉपकॉनसाठी हे जादा पैसे मोजावेत का, आणि या तीन कंपन्यांत टिकाऊपणाच्या दृष्टीने खरोखर फरक पडतो का, याविषयी अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना तारतंत्री:
आपण नावे दिलेल्या तिन्ही कंपन्या मोठ्या आहेत. टाटांचा कारखाना तिरुनेलवेलीला, अदानींचा मुंद्र्याला आणि वारीचा गुजरातेतच चिखलीला आहे. त्यामुळे केवळ नावावरून यांपैकी एकीला उजवी ठरवणे मला अवघड वाटते. तंत्रज्ञानातला फरक मात्र आकड्यांत मांडता येतो. पॅनेलवर लिहिलेली क्षमता सेलचे, म्हणजे पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या चकत्यांचे, तापमान 25 अंश असताना मोजलेली असते, आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये भर दुपारी काचेखालचा सेल 65 अंशांच्या आसपास सहज जातो. मोनो पर्कमध्ये प्रत्येक अंशामागे साधारण 0.35 टक्के आणि टॉपकॉनमध्ये 0.30 टक्के उत्पादन घटते, म्हणजे त्या वेळी घट अनुक्रमे 14 आणि 12 टक्के होते. उन्हासाठी टॉपकॉन घ्या असे विक्रेते ठासून सांगतात, ते या दोन टक्क्यांच्या जोरावर.

खरा फरक एकूण वॅटमध्ये आहे. पहिले दोन संच 3,240 वॅटचे होतात आणि तिसरा 3,450 वॅटचा. आपल्या भागात एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले, तर 3,240 वॅटचा संच वर्षाला सुमारे 4,700 युनिट देईल, आणि आपण दिलेल्या आकड्यांवरून आपली वार्षिक गरज 4,150 युनिटच्या घरात आहे. टॉपकॉनमुळे मिळणारी आणखी 300 युनिट आपण वापरणारच नाही. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे वीज कंपनीला दिलेली वीज आपल्या वापरातून वजा करण्याच्या पद्धतीत, जादा युनिट पुढच्या महिन्यांत वळती होतात हे खरे, परंतु आर्थिक वर्षाच्या शेवटी उरलेल्या युनिटना मिळणारा दर आपण बिलात भरतो त्यापेक्षा बराच कमी असतो. विजेवर चालणारी गाडी किंवा आणखी एक एसी येत्या काळात घ्यायचा नसेल, तर ते 22 हजार इतरत्र खर्च करावेत असे मी म्हणेन.

इतरत्र म्हणजे सांगाड्यावर. आपण तिन्ही दरपत्रकांतली पॅनेलची नावे कळवलीत, पण सांगाड्याचे लोखंड किती जाडीचे, त्यावर जस्ताचा मुलामा गरम बुडवून दिलेला आहे की नुसता चंदेरी रंग मारलेला, पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर कोणत्या कंपनीचा आणि त्याची हमी किती वर्षांची, याविषयी एक ओळही नाही. पॅनेलच्या उत्पादनक्षमतेची हमी 25 वर्षांची असते, इन्व्हर्टरची बहुधा पाच ते दहा वर्षांची. वीज गेल्यावर हा संचही बंद पडतो, हेही घरात आधीच सांगून ठेवा. आमच्याकडे त्यावरून फार बोलणी खावी लागली.

अकलूजचा शेजारी:
वरील मताशी मी सहमत आहे, फक्त त्यात सावलीची भर घालतो. आमच्या ठेकेदाराने मे महिन्याच्या मध्यास जागा पाहिली, तेव्हा आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो तो, नुकताच होऊन गेला होता आणि दुपारी जिन्याच्या खोलीवरच्या टाकीची सावली तिच्या बुडाशीच पडत होती. त्या खोलीच्या उत्तरेला पॅनेल बसली आणि पहिले सहा महिने उत्पादन उत्तम मिळाले. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलला, तेव्हा त्याच टाकीची सावली दोन पॅनेलच्या खालच्या अर्ध्या भागावर भर दुपारी पडू लागली आणि मोबाइलवरच्या उत्पादनाच्या आलेखाला दुपारीच खळगा पडू लागला. आपल्या अक्षांशावर डिसेंबरात दुपारी बारालाही सावली वस्तूच्या उंचीच्या जवळजवळ नऊ दशांश लांब पडते. सकाळ-संध्याकाळी ती आणखी लांबते. ठेकेदाराचे म्हणणे असे की पाहणीच्या दिवशी सावली नव्हती, आणि ते खोटेही नव्हते. सांगाडा सरकवण्याचा खर्च शेवटी मलाच सोसावा लागला.

बार्शीवाला:
सूर्यघर योजनेच्या अनुदानाविषयी थोडे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार आणि तिसऱ्याला 18 हजार, असे एकूण 78 हजार मिळतात, परंतु त्यासाठी पॅनेल आणि त्यातील सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात, ज्याला सगळे डीसीआर म्हणतात. एकाच कंपनीची डीसीआर आणि बिगरडीसीआर अशी दोन्ही पॅनेल बाजारात असतात व दुसरी स्वस्त पडतात. त्यामुळे दरपत्रकावर कंपनीच्या नावापुढे 'डीसीआर' हा शब्द लिहून घ्या, आणि माल गच्चीवर चढण्यापूर्वी प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक फोटोत टिपून ठेवा. एकदा पॅनेल सांगाड्यावर बसली की मागचे लेबल वाचण्यासाठी गच्चीवर उताणे झोपावे लागते.

सोलापूरकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज सकाळी फीत घेऊन गच्चीवर गेलो. आमच्याही जिन्याच्या खोलीवरील टाकीचा माथा गच्चीपासून 12 फुटांवर आहे आणि तिन्ही आराखड्यांत पॅनेलची पहिली रांग खोलीच्या उत्तरेस अवघ्या सहा फुटांवर दाखवलेली आहे. टाटांच्या आणि अदानींच्या विक्रेत्यांना खोलीच्या दक्षिणेकडील मोकळ्या जागेचा नवा आराखडा, तसेच सांगाडा व इन्व्हर्टर यांचा लेखी तपशील मागितला आहे. त्यांपैकी एकाने वायर वाढेल अशी कुरकुर केली, तर दुसरा उद्या स्वतः येऊन मोजमाप घेणार आहे. टॉपकॉनचा विचार तूर्त सोडला आहे.