अनुभव धागा: लहान हायस्कूलमधले सर, बाई, भाऊसाहेब आणि मामा

कोल्हापुरात शिक्षणाचा विषय निघाला की गाडी थेट शाहू महाराजांवर जाते. 1901 पासूनची बोर्डिंगं, 1917 चा मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम, हे आपल्याला तोंडपाठ असतं. मोठ्या हायस्कूलांवरही भरपूर लिहून झालंय. पण आपल्यातले कितीतरी जण गल्लीतल्या एखाद्या छोट्या संस्थेच्या, इयत्तेला एकच तुकडी असलेल्या शाळेतून दहावी झालो. तिथं सगळा स्टाफ एका सतरंजीवर मावायचा. त्या माणसांबद्दल इथं लिहा. शाळेचं नाव नको, कुणाचं नाव नको. आदर्श शिक्षक पुरस्काराच्या मानपत्रासारखंही नको. आणि ऑफिसातल्या माणसांना विसरू नका, फोटोत ती नेहमी कडेला उभी असतात.

शाहूपुरीकर

मग आमच्या भाऊसाहेबांपासूनच सुरू करतो. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, भाऊसाहेब म्हणजे शाळेचे क्लार्क.

2019 चा ऑगस्ट. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आमची शाळा सखल भागात, त्यामुळं इशारा पातळी ओलांडल्याबरोबर आम्ही चार-पाच माजी विद्यार्थी मदतीला गेलो. हेडसर म्हणाले, आधी कॉम्प्युटर वर न्या. भाऊसाहेब कपाट उघडून जनरल रजिस्टरं, म्हणजे प्रत्येक पोराची जात आणि जन्मतारीख लिहिलेली दाखल-नोंदीची वह्या, काढत होते. मान वर न करता म्हणाले, "कॉम्प्युटर दुकानात मिळतोय सर. ही कुठल्या दुकानात मिळत्यात?" आधी रजिस्टरं वरच्या मजल्यावर गेली, बाकावर बाक चढवून त्यावर ठेवली, मग बाकीचं सामान. खालचं ऑफिस पाण्याखाली गेलं. रजिस्टरांचा एक कागद भिजला नाही.

त्याचं मोल 2023 च्या शेवटी कळलं. कुणबी दाखल्यासाठी घराण्याच्या जुन्या नोंदी शोधायला माणसं रांगेनं यायला लागली. 1967 च्या आधीची नोंद हवी, आणि ती आजोबांच्या शाळेतच सापडणार. भाऊसाहेब तोवर रिटायर झाले होते, तरी नव्या क्लार्कच्या शेजारी येऊन बसायचे. पान कुणाला बोटानं उलटू द्यायचे नाहीत. लाकडी फूटपट्टी पानाखाली सरकवायची आणि अलगद पलटी करायची. थुंकी लावून पान उलटणाऱ्या एका पुढाऱ्याला त्यांनी ऑफिसाबाहेर काढलेलं मी बघितलंय. कुणी जन्मतारीख "जरा मागंपुढं" करायला सांगितली की एकच उत्तर: शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणा, मग पेन उचलतो.

पेठेतला राइट बॅक

आमच्या शाळेच्या फुटबॉल टीममध्ये निम्मी पोरं पाटाकडील तालमीची, निम्मी दिलबहार तालमीची; इथं तालीम म्हणजे पेठेचा फुटबॉल संघ. ज्यांना कोल्हापूरचा फुटबॉल माहीत नाही त्यांना ह्यातली भानगड कळणार नाही. घरात थोरला भाऊ तालमीकडून खेळतोय, रविवारी शाहू स्टेडियमवर दंगा झालाय, आणि सोमवारी आम्ही एकमेकाला पास द्यायचा! देतच नव्हतो. पीटीच्या सरांनी भाषण केलं नाही. दोन्ही तालमींच्या पोरांचा एकेक बूट काढून घेतला आणि अदलाबदल करून प्रॅक्टिसला घालायला लावला. पायात दुसऱ्याचा बूट, तोबी कुणाला ढिला कुणाला घट्ट. लई हसलो त्या दिवशी. पुढं आंतरशालेयला दुसऱ्याच फेरीत हरलो, पण पास देऊन हरलो.

सर भूगोलपण शिकवायचे. त्याबद्दल न बोललेलं बरं.

माजी विनाअनुदानित

मी त्या स्टाफमधलाच, म्हणून जरा लांबण लागेल.

2001 मध्ये शासनानं नव्या शाळांना कायम विनाअनुदानित तत्त्वावर, म्हणजे शासन पगाराला कधीच पैसे देणार नाही या अटीवर, मान्यता द्यायला सुरुवात केली. आमची शाळा त्यातली. मी पुढच्या एक-दोन वर्षांत लागलो. बीएस्सी बीएड, विज्ञान आणि गणित, शिवाय बाई रजेवर गेल्या की हिंदी. पगार म्हणजे संस्था दिवाळीला देईल ते. सकाळी अकरा ते पाच शाळा आणि संध्याकाळी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत हिशेब लिहायला. आमचे मराठीचे सर हंगामात मेहुण्याच्या गुऱ्हाळावर रात्रपाळी करायचे. पहिल्या तासाला आले की अंगाला काकवीचा वास. पोरं त्यांना चिडवायची नाहीत, कारण निम्म्यांचे बाप तिथंच चुलवाणावर.

लग्न जमेना, हा वेगळाच अध्याय. पाहुणे यायचे, चहा-पोहे व्हायचे, "पोरगं मास्तर हाय" म्हटल्यावर खूश व्हायचे आणि मग हळूच विचारायचे, "ग्रँट कवा येणार?"

2009 ला 'कायम' हा शब्द वगळला. आम्ही पेढे वाटले. अनुदानाचा पहिला 20 टक्क्यांचा टप्पा आला 2016 मध्ये. मधल्या काळात मूल्यांकनाच्या फायली, पुण्या-मुंबईचे मोर्चे, आझाद मैदान. नेमणूक नोव्हेंबर 2005 च्या आधीची पण शंभर टक्के अनुदान त्या तारखेला नव्हतं, म्हणून जुनी पेन्शन नाही. हे भांडण अजून चालू आहे.

तरी शाळा सोडली का नाही, असं मुलगी विचारते. खरं सांगायचं तर प्रयोगशाळेमुळं. आमच्याकडं प्रयोगशाळा सहायक म्हणून एक मामा होते, स्वतः दहावी नापास. वायू तयार करायचं किपचं उपकरण त्यांच्यासारखं कुणी लावत नसे. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्याचा वास वर्गात पसरला की खिडक्या उघडायच्या आधी ते पोरांना विचारायचे, "कुणाच्या डब्यात अंडं हाय?" फुटक्या परीक्षानळ्यांची तोंडं स्टोव्हवर तापवून गोल करायचे आणि परत वापरायला काढायचे. शाळेला साहित्याला पैसा नव्हता, तो असा वाचवला जायचा. आजही आमच्या शाळेच्या मुलांना लिटमस आणि फिनॉल्फ्थॅलीनचे रंग पाठ करावे लागत नाहीत. त्यांनी ते बघितलेले असतात.

कसबा बावड्याची लेक

मी आधी दुसऱ्या एका मोठ्या शाळेत होते. नाव घेत नाही. तिथं दहावीचा निकाल शंभर टक्के लागायचा, कारण कच्ची पोरं नववीलाच गाळायची आणि वडिलांना सांगायचं, 17 नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा. मला गाळली.

या लहान शाळेत दाखला घेऊन गेलो तेव्हा हेडबाईंनी गुणपत्रक बघितलंच नाही. विचारलं, "घरात सकाळी पाणी कोण भरतं?" मी. "मग तुला पहिला तास चुकला तरी चालेल, पण दुसऱ्याला पाहिजेस." आणि पहिला तास ज्यांचा, त्या गणिताच्या बाई मला मधल्या सुट्टीत शिकवायच्या. त्यांचा डबा माझ्यामुळं रोज गार व्हायचा. मी 52 टक्क्यांनी पास झाले. शाळेचा निकाल त्या वर्षी शंभर लागला नाही, दोघं नापास झाली. ती दोघं ऑक्टोबरला परत बसली, फॉर्म बाईंनीच भरून घेतले.

आता मी नर्स आहे.

रंकाळा टॉवर

चित्रकलेचे सर. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासनाच्या चित्रकला परीक्षांना बसवायचे, आता इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत जादा 7 गुण मिळतात, आमच्या वेळी काही नव्हतं. फी कुणाची भरली ते कधी कळू दिलं नाही. रविवारी पंचगंगा घाटावर स्केचिंग. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर अशा चित्रकारांच्या गावात राहता आणि झाड काढता येत नाही, असं ओरडायचे. बास.

मन मोकळं करतोय

सगळं गोड चाललंय म्हणून लिहितो. लहान संस्थेत सेक्रेटरीची सून शिक्षिका, पुतण्या क्लार्क आणि जावई पर्यवेक्षक, हे पण आपण बघितलंय. माझी बायको मुलाखतीत पहिली आली आणि तिला "बिल्डिंग फंड" विचारला गेला. आकडा ऐकून आम्ही उठून आलो. तिथं जे लागले त्यातले दोघं चांगलं शिकवतात, हेही खरंच. पण चांगल्या शिक्षकाच्या पाठीमागं कुठली शेतजमीन विकली गेली, तेही कुणीतरी लिहावं.

सध्या खुर्चीत असलेली

वरचं वाचून पटलं. आमच्या संस्थेत तसं नाही, एवढंच म्हणू शकते, आणि असं सगळेच म्हणतात!

मी आता मुख्याध्यापिका आहे. मे महिन्यात आम्ही सगळा स्टाफ पटासाठी, म्हणजे नवी पोरं मिळवायला, दारोदार फिरतो. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पोरांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, शिक्षक कमी होतो, तो अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात कुठंतरी लांबच्या शाळेत जातो. लोक दारातच विचारतात, "सेमी आहे काय? रिक्षा पाठवता काय?" सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, आहे. रिक्षाचे पैसे आम्ही शिक्षक वर्गणी काढून देतो.

आमचे शेवटचे मामा, म्हणजे शिपाई, रिटायर झाले. डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानं शिपायाचं पद गेलं, त्याऐवजी ठोक भत्ता मिळतो. तेवढ्या पैशांत माणूस अर्धा दिवस येतो. म्हणून सकाळचं कुलूप मी काढते, पहिली घंटा इंग्रजीचे सर देतात आणि टपाल जिल्हा परिषदेत न्यायला ज्याचा तास रिकामा तो जातो. वर ज्या भाऊसाहेबांबद्दल लिहिलंय, त्यांना कुणी ओळखत असेल तर मला कळवा. आमच्याकडं 1950 च्या दशकातली दोन रजिस्टरं आहेत, शिवण सुटलेली. बाइंडरकडं द्यायची हिंमत होत नाही. त्यांनी एकदा येऊन बघितलं तर बरं होईल, येण्याजाण्याचं मी बघते.